हॅम्पशरमधील शालेयोत्तर व सिक्स्थ फॉर्म महाविद्यालये

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॅम्पशर परगण्यात वयाच्या सोळाव्या वर्षानंतरच्या शिक्षणाची सोय करणाऱ्या दोन प्रकारच्या संस्था. पहिल्या प्रकारास ‘फर्दर एज्युकेशन’ म्हणजे शालेयोत्तर शिक्षणाची महाविद्यालये म्हणतात. त्यांत सोळा वर्षांवरील कोणत्याही वयाच्या व्यक्तीस पूर्णवेळ किंवा अंशवेळ, मुख्यतः व्यवसायाशी निगडित असे शिक्षण मिळते. दुसरा प्रकार सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांचा. त्यांत सोळा ते एकोणीस या वयोगटातील विद्यार्थी पूर्णवेळ शिकतात व त्यांपैकी बहुसंख्य विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या ‘ए लेव्हल’ परीक्षेची तयारी करतात. ‘सिक्स्थ फॉर्म’ याचा शब्दशः अर्थ सहावी इयत्ता असा असला, तरी इंग्लंडमध्ये ही गणना अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत प्रवेश केल्यापासून होत असे. त्यामुळे सिक्स्थ फॉर्म म्हणजे माध्यमिक शाळेची शेवटची दोन वर्षे होत. वयोगटाच्या दृष्टीने त्याचे महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयाशी साम्य आहे.

या दोन प्रकारच्या संस्था अनेक गावांत एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांचे विद्यार्थी एकाच वयाचे व बहुधा एकाच शाळेतून आलेले असत. असे असूनही त्यांचे कायदे, शिक्षक, अभ्यासक्रम आणि समाजातील प्रतिष्ठा दीर्घ काळ भिन्न राहिली. हा भेद शैक्षणिक गरजेतून जितका निर्माण झाला, तितकाच तो संस्थांच्या भिन्न उगमांतून आला. हॅम्पशरने सोळा वर्षांनंतरच्या शिक्षणाची व्यवस्था प्रामुख्याने महाविद्यालयांकडे सोपविली. त्यामुळे या भेदाचा उगम, त्याचे परिणाम व तो मिटविण्याचे प्रयत्न या परगण्यात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतात. साउदॅम्प्टन व पोर्टस्मथ ही दोन मोठी बंदरे १९७४ ते १९९७ या काळात परगणा परिषदेच्या शैक्षणिक प्रशासनाखाली होती. त्यापूर्वी व त्यानंतर त्यांचे प्रशासन स्वतंत्र असले, तरी ऐतिहासिक व भौगोलिक दृष्ट्या ती हॅम्पशरचाच भाग असल्याने येथे त्यांचाही विचार केला आहे.

पूर्वपीठिका : शालेयोत्तर महाविद्यालयांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील तांत्रिक शिक्षणात आहे. पोर्टस्मथच्या आरमारी गोदीत उमेदवारांना गणित व जहाजबांधणीची मूलतत्त्वे शिकविण्यासाठी नौदल खात्याने १८४३ मध्ये काढलेली गोदी शाळा हे या परंपरेचे एक जुने उदाहरण होय. १८८९ च्या तांत्रिक शिक्षण अधिनियमाने स्थानिक संस्थांना अशा शिक्षणासाठी कर बसविण्याचा अधिकार दिला, तर १८९० मध्ये मद्यावरील करातून मिळालेला निधी त्यासाठी उपलब्ध झाला. यांतून सायंवर्ग, कला शाळा व तंत्रसंस्था वाढीस लागल्या. दिवसा कामावर जाणारा आणि रात्री शिकणारा उमेदवार हा त्यांचा खरा विद्यार्थी होता. पुढे मालकाने आठवड्यातून एक दिवस पगारी रजा देऊन कामगारास शिकावयास पाठविण्याची पद्धत रूढ झाली व तंत्र महाविद्यालयांचे वेळापत्रक तिच्याभोवती आखले जाऊ लागले.

सिक्स्थ फॉर्मचा वारसा निराळा आहे. तो देणगीतून स्थापन झालेल्या जुन्या शाळांचा व १९०२ च्या शिक्षण अधिनियमानंतर परगणा परिषदांनी चालविलेल्या ग्रामर स्कूलांचा. साउदॅम्प्टनमध्ये रिचर्ड टॉन्टन याच्या देणगीतून १७६० मध्ये, फेअरममध्ये विल्यम प्राइस याच्या मृत्युपत्रानुसार १७२१ मध्ये, तर विंचेस्टर येथे पीटर सायमंड्झ याच्या धर्मादाय निधीतून १८९७ मध्ये शाळा उभ्या राहिल्या. या शाळांतील सिक्स्थ फॉर्म हा संख्येने लहान, परंतु प्रतिष्ठेने मोठा वर्ग असे. विद्यापीठात जाणारे विद्यार्थी त्यातूनच निवडले जात आणि शाळेतील उत्तम शिक्षकांस तेथे शिकविणे हा मान वाटे.

१९४४ च्या शिक्षण अधिनियमाने दोन्ही परंपरा स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या अखत्यारीत आणल्या खऱ्या, परंतु त्यांचे एकीकरण केले नाही. शालेयोत्तर शिक्षणाची सोय करणे हे प्राधिकरणांचे कर्तव्य ठरले. शाळा सोडलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत सक्तीचे अंशवेळ शिक्षण देणारी ‘परगणा महाविद्यालये’ काढण्याची तरतूदही त्या अधिनियमात होती, पण ती कधीच अमलात आली नाही. माध्यमिक शाळांत मात्र अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेने मुलांची विभागणी होऊ लागली. ग्रामर स्कूलमध्ये जाणाऱ्या अल्पसंख्य मुलांना सिक्स्थ फॉर्मचा मार्ग खुला राहिला. उरलेली बहुसंख्य मुले पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामास लागत. त्यांना पुढे शिकावयाचे झाल्यास तंत्र महाविद्यालय हेच प्रमुख स्थान असे.

सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांचा उदय : सर्व शाळांतील सिक्स्थ फॉर्म वर्ग एका संस्थेत एकत्र करावेत, ही कल्पना क्रॉयडनचे शिक्षणाधिकारी वेअरिंग किंग यांनी १९५४ मध्ये मांडली होती. ग्रामर स्कूलांच्या विरोधामुळे ती तेव्हा मागे पडली. १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारचे शिक्षणमंत्री अँटनी क्रॉसलंड यांनी काढलेल्या १०/६५ क्रमांकाच्या परिपत्रकाने अकराव्या वर्षाची निवड बंद करून सर्वसमावेशक शाळांची योजना तयार करण्याची विनंती प्राधिकरणांना केली. त्यात सुचविलेल्या सहा पर्यायांपैकी एक म्हणजे अकरा ते सोळा वयोगटाच्या शाळा व त्यांच्या पुढे स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय हा होता. १९६६ मध्ये लूटन येथे इंग्लंडमधील पहिले सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय सुरू झाले.

साउदॅम्प्टनने १९६७ पासून टप्प्याटप्प्याने हाच मार्ग अनुसरला. टॉन्टन व इचेन या शाळांचे महाविद्यालयांत रूपांतर झाले आणि मुलींच्या ग्रामर स्कूलचेही तसेच परिवर्तन करण्यात आले. हॅम्पशर परगणा परिषदेने १९७० नंतरच्या दशकात ही पद्धत विस्तृत प्रमाणावर स्वीकारली. बेझिंगस्टोक येथे क्वीन मेरीज महाविद्यालय १९७२ मध्ये, तर विंचेस्टर येथे पीटर सायमंड्झ महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. ईस्टलीमधील बार्टन पेव्हरिल व न्यू फॉरेस्टमधील ब्रॉकनहर्स्ट, तसेच फेअरम, हॅव्हंट, टॉटन व फार्नबरो येथील ग्रामर स्कूलांचेही याच दशकात रूपांतर झाले. ऑल्टन महाविद्यालय १९७८ मध्ये स्थापन झाले. शाळा सोडण्याचे किमान वय १९७२ मध्ये पंधरावरून सोळा झाल्याने सोळावे वर्ष ही शिक्षणातील नैसर्गिक सीमारेषा बनली व त्यामुळे या पद्धतीस बळ मिळाले.

या निवडीमागे आर्थिक हिशेबही होता. शाळेतील सिक्स्थ फॉर्ममध्ये पुरेसे विषय शिकवावयाचे, तर शाळा फार मोठी असावी लागते. निमशहरी व ग्रामीण भागांत ते शक्य नव्हते. भौतिकशास्त्र, लॅटिन किंवा जर्मन यांसारख्या विषयांसाठी प्रत्येक शाळेत चार-पाच विद्यार्थ्यांचा वर्ग चालविण्यापेक्षा ते एका ठिकाणी जमविणे स्वस्त पडे. शिवाय ग्रामर स्कूल बंद न करता त्याला नवे व मानाचे काम देता येत असल्याने स्थानिक विरोधाची धारही कमी झाली. या तडजोडीमुळे सुधारणा सुकर झाली, तथापि ग्रामर स्कूलचा वारसा इमारती, शिक्षक व नावांसह नव्या महाविद्यालयांकडे आला.

दोन्ही प्रकारांची तुलना : १९९३ पूर्वी या संस्थांमधील सर्वांत मूलभूत भेद कायद्याचा होता. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय नावाने महाविद्यालय असले, तरी कायद्याने ती शाळाच होती. शाळांचे नियम तिला लागू असल्याने अंशवेळ किंवा प्रौढ विद्यार्थी हे तिचे क्षेत्र नव्हते. शाळांप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेची तरतूदही तिला लागू होती. शालेयोत्तर महाविद्यालये निराळ्या नियमांखाली चालत. त्यांच्या अध्यापकांची वेतनश्रेणी, कामाचे तास व सुट्या यांसंबंधीचे करारही वेगळे होते. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयातील शिक्षक प्रशिक्षित शालेय शिक्षक असे, तर शालेयोत्तर महाविद्यालयातील अध्यापक बहुधा गवंडीकाम, यंत्रकाम, स्वयंपाक, केशरचना वा हिशेबलेखन अशा व्यवसायातून आलेला असे. त्याचे ज्ञान प्रत्यक्ष कामाचे असले, तरी अध्यापनाची पदवी त्याच्याकडे असेलच असे नव्हते.

अभ्यासक्रमांतही हा भेद उमटला. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयात ए लेव्हलचे दोन-तीन विषय दोन वर्षे सखोल शिकविले जात. विद्यार्थ्यावर एका शिक्षकाची वैयक्तिक देखरेख असे, आणि संगीत, नाट्य व खेळ यांना शाळेतल्याप्रमाणे महत्त्व असे. तंत्र महाविद्यालयात मुख्यतः सिटी अँड गिल्ड्स या संस्थेच्या कारागिरीच्या परीक्षा व राष्ट्रीय प्रमाणपत्रे, आणि १९८३ नंतर बीटेक मंडळाचे अभ्यासक्रम चालत. ए लेव्हलचे वर्गही तेथे असत. शाळेची शिस्त नकोशी झालेले, किंवा नोकरी करून रात्री शिकू इच्छिणारे विद्यार्थी त्यांचा लाभ घेत. एका प्रकारात विद्यार्थ्याचे वय निश्चित व उद्दिष्ट बहुतांशी एक होते. दुसऱ्यात सोळा वर्षांचा उमेदवार, बेकार झालेला गोदी कामगार व मुले वाढवून पुन्हा शिकू लागलेली गृहिणी एकाच उपाहारगृहात बसत.

या भेदास सामाजिक बाजूही होती. अकराव्या वर्षाची निवड बंद झाली, परंतु सोळाव्या वर्षी परीक्षेतील श्रेणीनुसार विद्यार्थी दोन निराळ्या दारांकडे वळू लागले. चांगल्या श्रेणी मिळविलेला विद्यार्थी सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयात, तर कमी श्रेणीचा विद्यार्थी तंत्र महाविद्यालयात जाणार, असे शिक्षक व पालक गृहीत धरीत. ही निवड सक्तीची नव्हती आणि दोन्हीकडे अपवादही पुष्कळ होते. तरीही निवडीचे वय पाच वर्षांनी पुढे गेले, निवड नाहीशी झाली नाही, या आक्षेपात तथ्य आहे. उलट पक्षी, आधी ग्रामर स्कूलला न गेलेल्या मुलामुलींनाही आता सोळाव्या वर्षी प्रथमच एका सुसज्ज संस्थेत ए लेव्हल शिकता येऊ लागले, हा लाभही नाकारता येत नाही. ज्या शाळेत सिक्स्थ फॉर्म नव्हता, तेथील सर्वच विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची निवड करावी लागे. त्यामुळे काही मोजके विद्यार्थी शाळेत राहिले व बाकीचे बाहेर पडले, असा प्रकार तेथे घडत नसे.

टर्शरी महाविद्यालयांचा प्रयोग : दोन दारांऐवजी एकच दार ठेवावे, हा तिसरा मार्ग होता. एखाद्या परिसरातील सोळा वर्षांवरील सर्व शिक्षण एकाच संस्थेत देणाऱ्या अशा संस्थेस टर्शरी, म्हणजे तृतीय स्तराचे, महाविद्यालय म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याचा प्रारंभ १९७० मध्ये एक्सेटर येथे झाला. हॅम्पशरमध्ये अँडोव्हर येथील क्रिकलेड महाविद्यालय १९७४ मध्ये याच तत्त्वावर सुरू झाले व ते देशातील आरंभीच्या अशा संस्थांपैकी एक होते. १९८४ मध्ये फेअरम येथे प्राइस याच्या शाळेचा वारसा असलेले सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय व तेथील तंत्र महाविद्यालय यांचे विलीनीकरण झाले. ब्रॉकनहर्स्टनेही पुढे हेच स्वरूप धारण केले. न्यू फॉरेस्टमधील या लहान गावातून लंडन ते वेमथ हा लोहमार्ग जात असल्याने तेथे दूरवरून विद्यार्थी येऊ शकतात. विरळ वस्तीच्या प्रदेशात दोन संस्था परवडत नाहीत, हे कारण तेथे तत्त्वाच्या मदतीस आले.

तथापि परगण्यात हे सूत्र सर्वत्र लागू झाले नाही. सोळा ते एकोणीस वयोगटाच्या शिक्षणासंबंधीच्या १९८० च्या मॅकफार्लन अहवालाने कोणत्याही एका पद्धतीची सक्ती न करता निर्णय स्थानिक परिस्थितीवर सोपविला. जेथे जुन्या ग्रामर स्कूलची प्रतिष्ठा मोठी होती, तेथे सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय स्वतंत्र राहिले, तर जेथे लोकसंख्या लहान किंवा परंपरा दुबळी होती, तेथे एकत्रीकरण झाले.

१९९२ चा अधिनियम व त्यानंतर : शालेयोत्तर व उच्च शिक्षण अधिनियम, १९९२ अन्वये १ एप्रिल १९९३ पासून इंग्लंडमधील चारशेहून अधिक महाविद्यालये स्थानिक प्राधिकरणांच्या कक्षेतून बाहेर पडून स्वायत्त निगम बनली. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांचाही त्यांत समावेश होता. एका रात्रीत दोन्ही प्रकार एकाच कायद्याखाली व एकाच अनुदान मंडळाखाली आले. ज्या कायद्याने त्यांना इतकी वर्षे वेगळे ठेवले होते, तो भेद संपला, परंतु महाविद्यालयांचे स्वरूप त्यामानाने थोडेच बदलले. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांच्या शिक्षकांचे वेतन शालेय श्रेणींशी जुळते राहिले. शालेयोत्तर महाविद्यालयांत मात्र नव्या सेवाकरारांवरून दीर्घ संघर्ष झाला व तेथील वेतन मागे पडत गेले. पुढे २००९ च्या अधिनियमाने सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांचा स्वतंत्र कायदेशीर वर्ग पुन्हा निर्माण केला.

स्वायत्ततेबरोबर स्पर्धा आली. पूर्वी कोणत्या गावी कोणता अभ्यासक्रम असावा हे परगणा परिषद ठरवीत असे. आता अनुदान विद्यार्थिसंख्येवर अवलंबून राहिल्याने शेजारची महाविद्यालये एकाच विद्यार्थ्यासाठी झटू लागली. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांनी व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू केले, तर शालेयोत्तर महाविद्यालयांनी ए लेव्हलचे वर्ग वाढविण्याचा प्रयत्न केला. यात यशस्वी संस्था मोठ्या होत गेल्या. विंचेस्टरचे पीटर सायमंड्झ महाविद्यालय चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसह देशातील सर्वांत मोठ्या सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांत गणले जाऊ लागले. फॉकलंड बेटांवर सोळा वर्षांपुढील शालेय शिक्षणाची सोय नसल्याने तेथील विद्यार्थीही त्या सरकारच्या खर्चाने या महाविद्यालयात येतात.

२०१० नंतरच्या काटकसरीचा भार दोन्हींवर पडला, पण सारखा नाही. गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना आठवड्यास कमाल ३० पौंड देणारा शिक्षण निर्वाह भत्ता इंग्लंडमध्ये २०११ मध्ये बंद झाला. सोळा व सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यामागील अनुदानाचा मूळ दर २०१३ पासून २०२० पर्यंत ४,००० पौंडांवरच गोठलेला राहिला. प्रौढ शिक्षणावरील कपात मुख्यतः शालेयोत्तर महाविद्यालयांना जाणवली. इंग्रजी व गणित या विषयांत अपेक्षित श्रेणी न मिळालेल्या विद्यार्थ्यांनी ते विषय पुढेही शिकत राहिलेच पाहिजेत, ही २०१४ ची अटही प्रामुख्याने त्यांच्यावरच पडली, कारण असे विद्यार्थी बहुसंख्येने तेथेच येत. शिक्षण किंवा प्रशिक्षणात राहण्याचे वय २०१५ मध्ये अठरापर्यंत वाढले. त्यामुळे ज्यांना अन्यत्र प्रवेश मिळत नसे, त्यांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. निवडक प्रवेश देणाऱ्या संस्थेचे निकाल व सर्वांना प्रवेश देणाऱ्या संस्थेचे निकाल एकाच कोष्टकात मांडल्यास तुलना फसवी ठरते, हे या संदर्भात ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२०१५ मध्ये सरकारने सुरू केलेल्या प्रादेशिक आढाव्यांच्या पहिल्या फेरीत हॅम्पशरच्या दक्षिण किनाऱ्यावरील सोलंट परिसराचा समावेश होता. त्याच वर्षी टॉटन महाविद्यालय नॅक्रो या धर्मादाय संस्थेकडे गेले. २०१७ मध्ये हॅव्हंटचे सिक्स्थ फॉर्म महाविद्यालय व साउथ डाउन्स हे शालेयोत्तर महाविद्यालय एकत्र आले आणि २०१९ मध्ये ऑल्टन महाविद्यालय त्यांत सामील झाले. पोर्टस्मथमध्ये २०२१ साली हायबरी या शालेयोत्तर महाविद्यालयाचे व पोर्टस्मथ या सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयाचे विलीनीकरण होऊन ‘सिटी ऑफ पोर्टस्मथ कॉलेज’ निर्माण झाले. २०२३ मध्ये ईस्टली, फेअरम व साउदॅम्प्टन सिटी ही महाविद्यालये ‘साउथ हॅम्पशर कॉलेज ग्रूप’ या नावाने एकत्र आली. याउलट काही सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांनी २०१५ नंतर उपलब्ध झालेल्या सवलतीनुसार अकादमी होऊन शालेय क्षेत्रात परत जाणे पसंत केले. शाळांप्रमाणे मूल्यवर्धित कराचा परतावा मिळणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते.

मूल्यमापन : हॅम्पशरच्या अर्धशतकाच्या अनुभवावरून काही निष्कर्ष निघतात. सिक्स्थ फॉर्म महाविद्यालयांनी ए लेव्हलचे शिक्षण ग्रामर स्कूलांच्या मर्यादित वर्तुळातून बाहेर काढून सर्वसामान्य मुलांच्या आवाक्यात आणले. शालेयोत्तर महाविद्यालयांनी उमेदवार, प्रौढ व शाळेत मागे पडलेली मुले यांना दुसरी संधी दिली, परंतु या कामाच्या मानाने त्यांना प्रतिष्ठा व पैसा दोन्ही कमी मिळाले. दोन प्रकारांचे एकीकरण १९७० नंतरच्या दशकात समतेचे तत्त्व म्हणून सुचविले गेले होते, तेव्हा ते मोजक्याच ठिकाणी घडले. चार दशकांनंतर तेच एकीकरण प्रामुख्याने आर्थिक अपरिहार्यतेतून अनेक ठिकाणी झाले. मात्र जी महाविद्यालये संपन्न व लोकप्रिय होती, ती त्यापासून दूर राहिली. परिणामी एकाच छपराखाली आलेल्या संस्था आणि स्वतंत्र राहिलेल्या संस्था अशी नवी विभागणी दिसू लागली. यावरून असे दिसते की, नियमावली बदलून दोन संस्थांमधील कायदेशीर भिंत पाडता येते, परंतु पुस्तकी शिक्षण व हातांचे शिक्षण यांना समाज जे असमान मोल देतो, ते बदलल्याशिवाय सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढील दोन्ही दारे सारख्या मानाची होत नाहीत.